गोरा छापलेला मुलगा

मंडळाच्या बाई म्हणाल्या, मावशी, यंदाच्या अंकात तुमच्या कामाबद्दल लिहा. मला लिहिता येतं, पण माझं एक पान होईस्तोवर दिवाळी होऊन जाईल. म्हणून मी बोलते आणि माझी लेक लिहून घेते. ती मधेच थांबते, म्हणते, आई, हे वाक्य असं नसतं. मी म्हणते, तू लिही.

मी छापखान्यात होते. दुबईजवळ अजमानच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या दुकानांच्या मागे. आता गुडघे गेले, काम सुटलं. जावयाने व्हिसा काढला, तेव्हापासून दुबईत कुसैसला लेकीकडे असते. नात विचारते, "आज्जी, व्हॉट वॉज युअर जॉब?" मी सांगते, घड्या घालायचे. तिला वाटतं, कपड्यांच्या.

कागदाच्या. बाहेरच्याला वाटतं, पुस्तक एकेक पान करून छापतात. तसं नसतं. चादरीएवढा मोठा कागद असतो. त्याच्या एका बाजूला आठ पानं, पाठीमागे आठ. काही सरळ, काही डोक्यावर उभी. नुसतं बघितलं तर वाटतं, कुणी वेड्याने छापलंय. पण बरोबर घड्या घातल्या की सगळी पानं आपापल्या नंबराने उभी राहतात. त्या घडी घातलेल्या कागदाला आम्ही फर्मा म्हणतो. फर्मे एकात एक घालायचे, मधोमध पिना मारायच्या, आणि कटिंगवाल्याकडे द्यायचे. तो तीन बाजू कापतो. झालं पुस्तक. घडीचं मशीन आमच्याकडे होतं, पण जाड कागद त्यात तडकतो. म्हणून लहान मुलांची पुस्तकं माझ्या टेबलावर यायची.

मी इथे आले ती घरकामाला, अबुधाबीला. नवरा गेला होता, लेक लहान होती, तिला आईकडे ठेवलं. त्या घराबद्दल मी बोलणार नाही. जेवायला द्यायचे. व्हिसा संपला तेव्हा आमच्या कराडकडचे एक शेठ भेटले, त्यांचा छापखाना. म्हणाले, हाताला चलाख आहेस का? मी म्हणलं, बघा. त्या दिवसापासून लेकीचं लग्न होऊन ती इथे येईपर्यंत मी त्याच टेबलाशी उभी होते. बसून घडी नीट पडत नाही, अंगाचा भार लागतो.

छापखान्यात एसी गार ठेवतात. तो माणसांसाठी नसतो, कागदासाठी असतो. बाहेर अंगाची लाही होतेय आणि आम्ही आत स्वेटर घालून. कागद बोटांतलं पाणी शोषून घेतो. बोटं तडकतात, कडांनी चिरतात. संध्याकाळी खोलीवर भाजी करताना मिरचीचा हात लागला की कळायचं, आज कागद किती झाला. खोलीत आम्ही सगळ्या कामकरी बाया, एका शेगडीवर पाळीपाळीने स्वयंपाक. मी तक्रार करत नाही. विचारलंत म्हणून सांगते.

आमच्या छापखान्यात एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही माणसं गोरी करून द्यायचो. फुकट.

मशीनमध्ये चार शाया असतात. निळी, गुलाबी, पिवळी, काळी. सगळं जग त्या चारांत छापतात. माणसाच्या चेहऱ्यातली निळी आणि काळी थोडी काढली की माणूस गोरा होतो. एवढंच आहे ते. हे काम कॉम्प्युटरवर विलास करायचा. विलास मूळचा इचलकरंजीचा, माझ्या लेकीच्या वयाचा. हात सोन्यासारखा. शाळेचं मासिक आलं की प्रिन्सिपॉल गोरे. लग्नाची पत्रिका आली की नवरी गोरी, आणि तिच्याशेजारी विचित्र दिसू नये म्हणून नवराही थोडा. एकदा एका मोठ्या साहेबांच्या निरोप समारंभाचं पुस्तक होतं. ते नेऊन दिलं तर त्यांच्याच ड्रायव्हरने कव्हर बघून विचारलं, हे नवीन साहेब का? पण साहेब खूश होते. शेठ म्हणायचे, गिऱ्हाइकाला मागायला लाज वाटते, आपण न मागता द्यायचं. म्हणून गिऱ्हाईक परत येतं. आणि खरंच यायचं. अल कुसैसपासून, शारजापासून लोक यायचे. इतक्या वर्षांत कुणी परत येऊन म्हणालं नाही की आमचा माणूस आम्हाला होता तसा द्या.

मग त्या मॅडम आल्या.

मॅडम अमेरिकेच्या, काळ्या वर्णाच्या. उंच, पाठ ताठ. दुबईतल्या एका शाळेत पी.टी. शिकवायच्या. काखेत मोठं चपटं दप्तर होतं, त्यात हाताने रंगवलेली चित्रं. त्यांनी स्वतः काढलेली. लहान मुलांचं पुस्तक करायचं होतं, त्यांच्या आजोबांचं.

विलासला इंग्रजी येतं, त्याने मला नंतर सगळं सांगितलं. आजोबा बॅट-बॉल खेळायचे. आपलं क्रिकेट नाही, तिकडचा खेळ वेगळा असतो, बॅट गोल असते. त्यांच्या लहानपणी तिकडे गोऱ्यांचे संघ वेगळे आणि काळ्यांचे वेगळे. मैदानं वेगळी, बसायच्या जागा वेगळ्या, पाणी प्यायचे नळ वेगळे. नळ वेगळे म्हटल्यावर मला पुढचं कुणी समजावून सांगायची गरज लागली नाही.

गावातल्या चांगल्या मैदानाला गेट होतं. आजोबा लहान असताना त्या गेटबाहेर उभं राहून खेळ बघायचे, बघून बघून शिकले. मग आपल्या लोकांच्या संघातून खेळले. गावोगाव जायचे, पण हॉटेलात खोली मिळायची नाही, म्हणून बसमध्येच झोपायचे, बसमध्येच जेवायचे. पुढे कायदा बदलला, गेट उघडलं. तोवर त्यांचे गुडघे गेले होते.

आजोबा अजून होते. फार म्हातारे, अंथरुणावर. नजर जात चालली होती. डॉक्टर म्हणाले होते, दिसतंय तोवर दिसतंय. मॅडमना ते पुस्तक घेऊन तिकडे जायचं होतं. घरातली सगळी पोरंबाळं जमणार होती, आणि आजोबा आपल्या हाताने एकेकाला पुस्तक देणार होते. मॅडम शेठना म्हणाल्या, अक्षरं त्यांना आता वाचता येत नाहीत. चित्रं दिसतात, जवळ धरली तर. स्वतःला एकदा त्यांनी पुस्तकात बघावं, एवढीच माझी इच्छा आहे. रविवारचं विमान होतं. गुरुवारी पुस्तकं द्यायची ठरली.

विलासने चित्रं कॉम्प्युटरवर घेतली, मॅडमनी येऊन बघितली, ओके म्हणून गेल्या. आणि ओके झाल्यावर विलासने हात फिरवला. चोरून नाही. आमच्यात तसंच होतं, वरचं काम आपल्याकडून. मुलगा, त्याची आई, बसमधले खेळाडू, सगळे त्याने गव्हाळ करून टाकले. त्याने पुस्तक वाचलं नव्हतं का, असं तुम्ही विचाराल. मॅडमनी सांगितलं तेवढं त्याला माहीत होतं. पण छापखान्यात कुणी वाचत नाही. वाचायला लागलं तर काम होणार नाही. त्याच्यापुढे चेहरा आला की त्याचा हात आपोआप चालायचा.

मशीनवर बशीरभाई होते, पेशावरकडचे. त्यांनी छापलं, कागद सुकले, माझ्या टेबलावर आले. मी घड्या घातल्या. तेव्हा मला ही आजोबांची गोष्ट माहीत नव्हती, विलासने ती नंतर सांगितली. मला इंग्रजी येत नाही, पण हात चालू असताना डोळे रिकामे असतात. मी चित्रं बघायचे आणि आपली एक गोष्ट लावायचे. प्रत्येक पुस्तकाची लावायचे. कामाला बरं पडतं.

गुरुवारी दुपारी मॅडम आल्या. शेठनी चहा मागवला, पहिला बॉक्स उघडला. मी शेवटची थोडी पुस्तकं लावत होते, टेबल तिथेच होतं. मॅडम उभ्याउभ्या पानं उलटत होत्या. चेहऱ्यावर हसू होतं. मग गेटचं पान आलं आणि हसू गेलं. त्यांनी एक पान मागे बघितलं, एक पुढे बघितलं. मग पुस्तक शेठकडे वळवून धरलं.

"हू इज धिस?"

"युअर ग्रँडफादर, मॅडम," शेठ म्हणाले. "व्हेरी स्मार्ट बॉय."

मॅडम पुस्तक तसंच धरून उभ्या राहिल्या. शेठना वाटलं, त्यांना आवडलं. ते सांगायला लागले, हे आमच्याकडून आहे, ह्याचे पैसे नाहीत, सगळ्यांनाच आम्ही करून देतो. मॅडमनी हळू आवाजात काहीतरी विचारलं. शेठचा चेहरा पडला. मग ते भराभर बोलायला लागले, हातवारे करून. विलास दारात आला होता. तो जिथल्या तिथे थांबला.

मला शब्द कळत नव्हते, पण भांडण कळतं. हे भांडण नव्हतं. मॅडम भांडत नव्हत्या. थकल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला, पुस्तक बॉक्समध्ये ठेवलं आणि बॉक्सची झाकणं लावायला लागल्या. विलासने नंतर सांगितलं, त्या म्हणाल्या होत्या की जाऊ दे, रविवारी विमान आहे, अक्षरं तरी बरोबर आहेत.

झाकण लावता लावता त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्या हातात तेच पान होतं. त्यांनी शेठना विचारलं, ह्यांना इंग्रजी येतं का? शेठ म्हणाले, नो नो, मॅडम. मग त्या टेबलाजवळ आल्या, चित्रावर बोट ठेवलं आणि शेठना म्हणाल्या, विचारा ह्यांना.

शेठ मला मराठीत म्हणाले, "मावशी, मॅडम विचारतात, ह्या चित्रात काय चाललंय. छान आहे म्हणा."

मी चित्राकडे बघितलं. गेट, आत मुलं खेळतायत, बाहेर एक मुलगा. सगळी पोरं सारखीच. दोन दिवस मी तेच बघत होते, माझी गोष्ट तयार होती. तोंडातून तीच निघाली.

"पोरगा उशिरा आला. खेळ सुरू झाला, म्हणून त्यांनी गेट लावून घेतलं. उद्या लवकर येईल."

शेठ इंग्रजीत म्हणाले, "शी सेज, व्हेरी ब्यूटिफुल."

"नो, मॅडम," विलास दारातून म्हणाला.

तो पुढे आला. शेठकडे बघितलंच नाही त्याने. मी काय म्हणाले ते त्याने मॅडमना सांगितलं. आणि मग आपल्या छातीवर हात ठेवून अजून काहीतरी सांगितलं. तेवढं मला न सांगता कळलं. चेहरे त्याने बदलले, हे तो सांगत होता. त्याच्या व्हिसावर शेठचं नाव होतं, नोकरी गेली की व्हिसाही जातो, आणि घरी दोन पोरं होती. तरी सांगितलं.

शेजारी कागदाचा गठ्ठा होता. मॅडम त्याच्यावर बसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यावर रागावल्या असं मला वाटलं नाही. मग सावकाश बोलल्या, एकेक शब्द. विलासने मला मराठीत सांगितलं.

"मावशी, ते उशिरा आले नव्हते. ते रोज सगळ्यांच्या आधी यायचे. मैदानातले दगड वेचायचे, मैदान झाडून द्यायचे. खेळ सुरू व्हायची वेळ झाली की त्यांना बाहेर काढायचे आणि गेट लावायचे."

मी हातातलं पान खाली ठेवलं. माझ्या टेबलावरची ती सगळी पुस्तकं, सगळ्यांत एक उशिरा आलेला मुलगा. म्हणजे चूक त्याची.

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मॅडम उठल्या. आता त्यांचा आवाज ठाम होता. हे पुस्तक मी आजोबांच्या हातात देणार नाही, म्हणाल्या. शेठ म्हणाले, रविवारपर्यंत परत सगळं होणं शक्य नाही. शाळांची कॅलेंडरं मशीनवर चढलीत. मॅडम म्हणाल्या, सगळं नको. घरातल्या पोरांना पुरतील एवढी द्या. बाकीची मी परत आल्यावर. पण त्यात तो मुलगा असू दे.

शेठ वाईट माणूस नाही. बोलायला कडक. त्यांनी कॅलेंडरच्या ढिगाकडे बघितलं. मग आम्हाला म्हणाले, "शुक्रवारी अर्ध्या दिवसानंतर मशीन रिकामं असतं. मी कुणाला थांबा म्हणत नाही. ज्याला थांबायचं त्याने थांबा." आणि मॅडमना म्हणाले, "इन्शाल्ला, मॅडम." त्यांनी इन्शाल्ला म्हटलं की आम्हाला कधी कळायचं नाही, होय की नाही. त्या दिवशी होय होतं.

संध्याकाळी विलास माझ्या टेबलाशी चहा घेऊन आला. कप धरून उभा राहिला, पिईना. म्हणाला, "मावशी, मी काय वाईट केलं? लोक हात जोडतात मला. पोरींची लग्नं जमतात माझ्या फोटोंनी."

मी म्हणलं, बस. आणि त्याला माझं सांगितलं. कुणाला सांगितलं नव्हतं कधी.

मी अशी काळी आहे, मंडळात बघताच तुम्ही मला. लहानपणीही अशीच. लग्नाच्या वयाची झाले तेव्हा वडिलांनी मला तालुक्याला नेऊन फोटो काढला. स्टुडिओवाला भला माणूस. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, ते काचेखाली फिल्म धरून बारीक पेन्सिलीने घासायचे. न सांगता त्याने घासलं, गरिबाची पोर म्हणून. फोटो असा आला की आई दोनदा बघत राहिली. वडील खूश. तो फोटो एका चांगल्या घरी गेला, मुलगा एसटीत होता, आणि ती माणसं मला बघायला आली. मी पाटावर येऊन बसले. मुलाची आई माझ्याकडे बघेना, माझ्या मागे दाराकडे बघत होती. जरा वेळाने म्हणाली, "फोटोतली मुलगी कुठाय?"

वडील म्हणाले, हीच.

त्यांनी चहा घेतला आणि गेले. कुणी काही वाईट बोललं नाही. नंतर मला एका विधुराला दिली. माणूस चांगला होता, लवकर गेला. त्याचं काही नाही. पण ती बाई दाराकडे बघत होती आणि मी समोर बसले होते, तेवढं राहिलंय. काळी आहे म्हणून नको म्हणाले असते तर चाललं असतं, गावात तसं होतंच. मी तिथे आहे हेच तिला दिसलं नाही.

विलास ऐकत होता. चहा गार झाला. तो म्हणाला, "स्टुडिओवाल्याने चांगल्यासाठीच केलं असेल, मावशी." मी म्हणलं, तर. तो भलाच माणूस होता.

शुक्रवारी आम्ही थांबलो. बशीरभाई नमाज पढून परत आले, बाह्या वर केल्या आणि म्हणाले, यल्ला, चलो मावशी, आज तुम्हारे पोरे को काला करते हैं. विलासने मूळ चित्रांवरून छपाईच्या नव्या प्लेटा काढल्या. शेठही आले. आम्हाला वाटलं, बघायला आलेत. त्यांनी कोट काढून खुंटीला लावला आणि कागदाचं रीम स्वतः फोडलं. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या.

छपाईत नमुना लागतो. गिऱ्हाइकाने सही केलेला कागद मशीनशेजारी ठेवायचा, आणि मशीनवरून निघणारा कागद त्याच्याशी ताडून शाई कमी-जास्त करायची. ह्या वेळेला तसा कागदच नव्हता. बशीरभाईंनी पहिले कागद काढले. पोरगा सावळा आला. त्यांनी शाई वाढवली, अजून थोडा सावळा आला. प्लेटा बरोबर होत्या, पण शाई सोडणारा हात मागे यायचा. इतक्या वर्षांची सवय. ते स्वतःच म्हणाले, हाथ नहीं मानता.

तेव्हा मॅडम उठल्या. दिव्याखालच्या तिरक्या टेबलावर कागद ठेवला होता, त्याच्यावर त्या मुलाच्या चेहऱ्याशेजारी त्यांनी आपला हात पालथा ठेवला. बांगडी नाही, घड्याळ नाही, नुसता हात.

बशीरभाईंनी हाताकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. "इतना?"

मॅडमनी मान हलवली.

"बहनजी, आँखें नहीं दिखेंगी फिर."

विलासने ते इंग्रजीत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, दिसतील. मी काढलीयत ती.

बशीरभाईंनी बिस्मिल्ला म्हणून काळी वाढवली. कागद निघाला, ते बघायचे, हात बघायचे, परत वाढवायचे. मॅडमनी हात हलवला नाही. आमच्या छापखान्यात इतकी वर्षं इतके नमुने आले, पण माणसाचा हात नमुन्याला ठेवलेला मी तेव्हाच बघितला. 

मग एक कागद आला आणि बशीरभाई थांबले. तो घेऊन माझ्याकडे आले. मॅडमकडे नाही, माझ्याकडे. "देखो मावशी, क्या हो रहा है इधर?"

मी बघितलं. डोळे दिसत होते. गोऱ्या चेहऱ्यात ते नुसते दोन ठिपके होते, इथे ते उजेडासारखे आले होते. आतली पोरं पांढरी, बाहेरचा एकटा काळा. ह्या वेळेला मला गोष्ट लावावी लागली नाही. आणि मी आधी बघितलंच नव्हतं, त्याच्या हातात झाडू होता. झाडूचा पिवळट रंग आधी त्या गव्हाळ हातात मिसळून गेला होता. आता त्या काळ्या मुठीत तो वेगळा दिसत होता.

मी म्हणलं, "ह्याला बाहेर काढलाय."

विलासने सांगायच्या आधीच मॅडमना कळलं. त्यांनी हात उचलला आणि तोंडावर घेतला.

पुढचं काम माझं. शाई जास्त बसली की सुकायला वेळ लागतो. ओल्या कागदाला घडी घातली की समोरच्या पानावर डाग उमटतो. काळी तर सगळ्यात वाईट. एरवी मी दोन दिवस दिले असते. शनिवारी सकाळी बोट लावून बघितलं, बोटाला लागत होती. मग कोरे पातळ कागद कापले आणि प्रत्येक पानामधे एकेक घालत घडी केली, बाळाचं दुपटं घालावं तसं. घासून दाबता येत नव्हतं, म्हणून तळहाताने नुसतं धरून ठेवायचं, श्वास सोडेपर्यंत. शेठही शेजारी उभे राहून घड्या घालायला लागले. त्यांच्या मी नंतर उलगडून परत घातल्या, त्यांना कळू न देता. गेटच्या पानाची मात्र एकही घडी मी दुसऱ्याला घालू दिली नाही.

काही वाया गेली. पण पोरांना पुरतील एवढी झाली. संध्याकाळी मॅडम घेऊन गेल्या. जाताना त्यांनी विलासचा हात हातात घेतला. विलासची नोकरी गेली नाही, हेही सांगून टाकते. शेठनी तो विषय काढलाच नाही. पण तेव्हापासून विलास गिऱ्हाइकाला आधी विचारायला लागला, चेहरा आहे तसा ठेवू की उजळ करू? आणि लोक काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत आहे. उजळच करा. तोही करून द्यायचा. जग एका पुस्तकाने बदलत नाही.

मॅडम परत आल्या तोवर मधे बरेच दिवस गेले होते. आम्हाला वाटलं, विसरल्या. त्या दुपारी आल्या, सगळ्यांना बोलावलं, बशीरभाईंनी मशीन थांबवलं. विलास सांगत गेला आणि आम्ही ऐकत राहिलो.

आजोबांना एका डोळ्याने थोडं दिसत होतं. सगळी पोरं पलंगाभोवती जमली होती. त्यांनी पुस्तक त्या डोळ्याला लावलं, एकेक पान. बसचं पान आलं तेव्हा संघातल्या माणसांची नावं घेतली, चेहऱ्यावरून ओळखून. गेटच्या पानाला थांबले. पुस्तक लांब धरलं, परत जवळ घेतलं.  

मग म्हणाले, "हा मी आहे."

थोड्या वेळाने म्हणाले, "पण मी याहून काळा होतो."

पोरं हसली. तेही हसले. सगळी पुस्तकं त्यांनी स्वतःच्या हाताने दिली, शेवटपर्यंत. त्यानंतर काही आठवड्यांनी ते गेले.

 मग बशीरभाईंनी हात उचलून दुआ मागितली, आम्ही हात जोडले. शेठ खाली बघत होते. विलासने मॅडमना विचारलं, उरलेली पुस्तकं अजून छापायची आहेत. शाई वाढवू का?

मॅडम म्हणाल्या, "वाढव. त्यांनी सांगितलंय ना."

बशीरभाई मशीनकडे गेले आणि काळी अजून थोडी सोडली. ह्या वेळेला त्यांचा हात मागे आला नाही. उरलेली सगळी पुस्तकं आम्ही आजोबांच्या शब्दाने छापली. ह्या वेळी घाई नव्हती. मी ती पूर्ण सुकू दिली आणि मगच घड्या घातल्या.